अप्पांचा फ्रिज

फ्रिजच्या नावापुढचा ठिपका हिरवा होता. त्याच्या शेजारी ‘जोडलेले आहे, व्यवस्थित चालू आहे’ असं वाक्य होतं. खाली शेवटच्या नोंदी होत्या. पहाटे चारच्या सुमाराला दार उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. त्यानंतर काहीच नाही, आणि आता दुपार कलत आली होती.

मी ऑफिसातल्या खुर्चीत बसून तो ठिपका जरा वेळ पाहिला आणि मग कऱ्हाडला अप्पांना फोन लावला. घरच्या फोनवर लावला. मोबाइल माणूस कुठूनही उचलतो. घरचा फोन भिंतीला जोडलेला असतो, म्हणून माझा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

बऱ्याच रिंगा झाल्यावर अप्पांनी उचलला.

“जेवलात का?”

“जेवलो की. पोळी, दोडक्याची भाजी, आमटी.”

“आमटी कालची?”

“आजची. का गं?”

“सकाळपासून फ्रिज उघडला नाही तुम्ही.”

“दोडका ताजा होता,” अप्पा म्हणाले.

“आणि पहाटे काय काढलंत?”

“पहाटे?”

“चार वाजता.”

“पाणी असेल. थंड पाणी.”

एवढ्यात त्यांच्या मागे कुठेतरी एक लांब, खणखणीत शिट्टी वाजली.

“हे काय?”

“कुकर.”

“तुम्ही तर जेवलात ना?”

“संध्याकाळचा भात,” अप्पा म्हणाले. “लवकर लावलेला बरा.”

मी नेहमीचा प्रश्न विचारला. “अप्पा, पुण्याला कधी येताय? खोली तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतलेत.”

“बघू. दिवाळीनंतर बघू.”

हे उत्तर मला तीन वर्षं मिळत होतं. दिवाळी कोणती, ते अप्पा सांगत नसत.

मी तेव्हा पुण्यात मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर लिहायचं काम करत होते. संगणकाला बाहेरून एखादी वस्तू जोडली की त्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. मी एकटी राहत होते आणि वेळ भरपूर होता.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात अप्पा मोरीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांचे व्यायाम सांगितले. मी पुण्याला चला म्हटलं. अप्पा म्हणाले, बघू. तेव्हा मी सुटी काढून एक छोटा संगणक एका खोक्यात बसवला आणि त्याला तीन वायरी जोडल्या. एक फ्रिजच्या दाराला, एक मोरीच्या दाराला, आणि एक गादीखालच्या पातळ चटईला, जिच्यावर वजन आलं की तिला कळायचं. खोक्याला इंटरनेटचं डोंगल लावलं. पुण्यात माझ्या पडद्यावर तीन नावं आणि तीन ठिपके दिसायला लागले.

अप्पा आयुष्यभर टेलिफोन खात्यात होते. खोका बसवताना ते शेजारी स्टूल घेऊन बसले. खालच्या मजल्यावरचे हुसेनभाई तांबोळीही बघायला आले होते. त्यांचं बिऱ्हाड आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून होतं. त्यांचं सायकलचं दुकान आता मुलगा बघत असे, त्यामुळे त्यांनाही वेळ भरपूर होता.

“ह्याला कसं कळतं, हा फ्रिज आहे म्हणून?” अप्पांनी विचारलं.

“वायर लागली की तो आधी विचारतो, तू कोण. वस्तू आपला नंबर सांगते. मग तो तिचं नाव यादीत घालतो, तिचा ड्रायव्हर शोधतो आणि तिला कामाला लावतो. वायर निघाली की त्याला लगेच कळतं. तो नाव काढून टाकतो.”

“आणि ‘व्यवस्थित चालू आहे’ म्हणजे काय?”

“म्हणजे नंबर पटला, ड्रायव्हर मिळाला आणि अजून तक्रार आलेली नाही.”

“आमच्याकडे तेच होतं,” अप्पा हुसेनभाईंना म्हणाले. “लाइन टेस्ट ओके. ग्राहक मेला तरी ओके.”

“अप्पा.”

“आणि मी घरात आहे, हे त्याला कसं कळतं?”

“तुम्ही त्याला कळत नाही. त्याला वायर कळते.”

अप्पांनी त्यावर बराच विचार केला. हुसेनभाईंकडे पाहिलं. “मग हरकत नाही,” म्हणाले. त्या दिवसापासून ते खोक्याला ‘हेमाचं एक्स्चेंज’ म्हणायला लागले. प्रत्येक वायरीला त्यांनी स्वतः चिठ्ठी बांधली आणि खोक्याच्या प्रत्येक भोकाशेजारी त्याच रंगाचा थेंब लावला. टेलिफोनवाल्याला ते केल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिली दोन वर्षं काही घडलं नाही. मग त्या वर्षी फेब्रुवारीत, एका दुपारी, तिन्ही ठिपके एकदम राखाडी झाले. मी अप्पांना फोन करणार तेवढ्यात एकापाठोपाठ एक पुन्हा हिरवे झाले. नंबर तेच होते आणि प्रत्येक वायर आपापल्या भोकात होती. कऱ्हाडला तेव्हा रोजचं लोडशेडिंग होतं, म्हणून मी नोंदीत ‘लोडशेडिंग’ लिहिलं.

त्यानंतर फ्रिजचं दार फार वेळा उघडायला लागलं. एकटा माणूस इतक्या वेळा फ्रिज उघडत नाही. दाराचं चुंबक सैल झालं असेल, तर दार एकदा उघडलं तरी संगणकाला ते पाच-सात वेळा उघडल्यासारखं वाटतं. आमच्या कामात हा नेहमीचा दोष आहे आणि त्याचा उपायही ठरलेला आहे. मी एक गाळणी लिहिली. थोड्या वेळात बरेचदा उघडलं तर ते एकदाच धरायचं. आकडे पुन्हा शहाण्यासारखे झाले.

चटई सांगू लागली की अप्पा आता उजाडायच्या आत उठतात. मोरीचं दार दिवसातून पाच वेळा, अगदी थोडा वेळ, बंद होऊ लागलं. मी त्याचा आलेख काढला. वेळा इतक्या नियमित होत्या की मला कौतुक वाटलं. उन्हाळा वाढत गेला तशी पहाटेची वेळ हळूहळू अलीकडे सरकत होती. अप्पा सूर्याबरोबर उठतात, असा मी निष्कर्ष काढला. शुक्रवारी दुपारी मात्र एक फेरी चुकायची. शुक्रवारी ते बँकेत जात असतील, असं मी ठरवलं.

तरीही पाच वेळा ही गोष्ट मला वयाच्या दृष्टीने बरी वाटली नाही. मी फोनवरून अप्पांना लघवीच्या सगळ्या तपासण्या करून घ्यायला लावल्या. ते निमूटपणे गेले. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टरांनी उलट विचारलं, म्हणे, तपासण्या कशासाठी केल्या.

आणि आता ऑगस्टात हे सुरू झालं होतं. पहाटे अंधारात फ्रिज दोन-तीनदा उघडायचा, दिवसभर जवळजवळ शांत राहायचा, आणि सूर्य मावळताना इतका उघडायचा की माझ्या गाळणीलाही आवरायचं नाही. आठवडा झाला तरी तेच. माझा बाप दिवसभर काही खात नाही, पहाटे उठून अंधारात खातो आणि फोनवर दोडक्याची भाजी सांगतो, एवढंच मला त्यातून दिसत होतं. आई गेल्यावर माणसं अशी होतात, असं मी ऐकलं होतं.

मी फ्रिजचं दार हललं की माझ्या मोबाइलवर मेसेज यावा अशी सोय केली, दोन दिवसांची रजा टाकली आणि स्वारगेटहून कऱ्हाडची एसटी पकडली. ह्या वेळी अप्पांना बरोबर घेऊनच परतायचं, हे मी कात्रजच्या बोगद्यापर्यंत पक्कं केलं होतं. त्यांच्या कपड्यांसाठी एक रिकामी बॅगही घेतली होती.

कऱ्हाडच्या शनिवार पेठेत घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वर गेले. दाराला कुलूप होतं. अप्पा बाहेर जाताना नुसती कडी लावतात. खाली माणसं असतात, कुलूप कशाला, असं ते म्हणत. मी खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं.

फ्रिजचं दार उघडं होतं. ते मिटू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी अडकवली होती. बरेच दिवस बंद ठेवायच्या फ्रिजला आतून वास येऊ नये म्हणून लोक करतात तसं. प्लग काढून वायर वर नीट गुंडाळून ठेवली होती. फळीवर जिथे माझा खोका असायचा तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

माझ्या हातातला मोबाइल थरथरला. ‘फ्रिज उघडला.’

मी समोरच्या फ्रिजकडे पाहिलं. तो आधीपासूनच उघडा होता आणि त्यात काहीही नव्हतं.

‘फ्रिज बंद झाला. फ्रिज उघडला.’

खालून शमीमभाभींचा आवाज आला. हुसेनभाईंच्या त्या सूनबाई. “दार लावा गं ते! लिंबं मागनं काढा!”

‘फ्रिज बंद झाला.’

मी रिकामी बॅग उचलून खाली गेले.

तांबोळींच्या पुढच्या खोलीत जमिनीवर दस्तरखान अंथरलं होतं. शमीमभाभी कलिंगड कापत होत्या. त्यांच्या तीन मोठ्या मुली ताटल्या मांडत होत्या. घड्याळाखालच्या फळीवर माझा खोका होता, आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. खोक्यातून तीन वायरी निघून टेलिफोनच्या वायरीला मारतात तसल्या चिमट्यांनी भिंतीवर सरळ रेषेत गेल्या होत्या. एक फ्रिजकडे, एक हुसेनभाईंच्या खोलीतल्या छोट्या मोरीकडे आणि एक त्यांच्या खाटेकडे. चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या.

“अगबाई, हेमाताई!” शमीमभाभी सुरी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. “अशा अचानक? फोन करायचा न्हाई का?”

“केला होता की. काल दुपारी.”

“कुठं?”

“घरी. वर.”

शमीमभाभींनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी छताकडे पाहिलं.

“तो फोन इथं जवळ, मलकापूरला वाजतो,” हुसेनभाई म्हणाले. “फॉरवर्ड का काय म्हणतात, ते करून ठेवलंय अप्पांनी. उचलायला जरा उशीर होतो, न्हाई का?”

“होतो,” मी म्हटलं.

“बस, बाळ. येतीलच ते. रमजान चालू झाल्यापासनं रोजा सोडायला इथंच असतात रोज. रोजा धरत न्हाईत, नुसतेच सोडतात.”

मी बसले. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या घरात दिवसभर कोणी पाणी प्यायलं नव्हतं, तेव्हा मी तो नुसता हातात धरला.

“तुझी चटई मात्र झकास हां,” हुसेनभाई म्हणाले. “पाठ दुखायची थांबली.”

“तिच्यात तसं काही नाही हो. तिला फक्त वजन कळतं.”

“तरी पण.” ते थोडे पुढे सरकले. “मी पहाटे नमाजाला उठतो, म्हणून तू अप्पांना डॉक्टरकडं धाडलंस. मी म्हटलं, मीच जातो, उठणारा मी हाय. तर म्हणाले, नाव माझं लागलंय यादीत, मलाच जायला पायजे.”

“रिपोर्ट चांगले आले,” मी म्हटलं.

“तेच तर! माझे आले असते का, सांगता येत न्हाई.”

मुली हसल्या आणि शमीमभाभींनी डोळे वटारल्यावर गप्प झाल्या. मी त्या पाच वेळांचा आलेख आठवत होते. त्याची एक प्रत मी ऑफिसात भिंतीवरही लावली होती.

“भाभी, मलकापूरला कोण आहे?”

“मी न्हाई सांगणार,” शमीमभाभी म्हणाल्या आणि कलिंगडाकडे वळल्या. “कुणाच्या घरचं कुणी सांगावं.”

दारात स्कूटर थांबली. चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. सुती पंजाबी ड्रेस, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीला शिट्टी. मागच्या सीटवर अप्पा होते. डोक्यावर हेल्मेट आणि मांडीवर पपई. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेटमध्ये पाहत होते. दोन्ही गुडघे न धरता ते खाली उतरले, आत आले आणि मला पाहून उभे राहिले.

हेल्मेट काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. “फ्रिजनं सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“नाही. फ्रिज व्यवस्थित चालू आहे.”

“ही हेमा,” अप्पा बाईंना म्हणाले.

“ते दिसतंय. नाक तुमचंच आहे. मी बोंद्रे. कन्याशाळेत पी. टी. शिकवायचे.” त्यांनी अप्पांच्या हातातली पपई काढून शमीमभाभींना दिली. “पोतनीस, हेल्मेट.”

अप्पांनी हेल्मेट काढलं.

“काल दुपारचा कुकर तुम्हीच का?” मी विचारलं.

“कसला कुकर?”

“शिट्टी.”

“हां, ती. पोरी येतात खो-खोला, अंगणात.” बोंद्रेबाईंनी अप्पांकडे पाहिलं. “मला कुकर केलंत?”

“घाईत सुचलं ते,” अप्पा म्हणाले.

हुसेनभाईंनी हात वर केला. “आधी रोजा सुटू दे. मग भांडा.”

आम्ही सगळे दस्तरखानाभोवती बसलो. मशिदीतून बांग आली. हुसेनभाईंनी खजूर तोंडात टाकला, मग बाकीच्यांनी. मुली सरबतासाठी उठल्या. माझ्या पर्समधला मोबाइल थरथरला, पुन्हा थरथरला, आणि थरथरतच राहिला.

“ते बंद कर ना जरा,” अप्पा म्हणाले.

“तुम्ही हे कधी केलंत?”

“फेब्रुवारीत. एक दुपार लागली. तिन्ही वायरी काढून परत त्याच भोकांत लावल्या. एक जरी चुकली असती तरी तुला कळलं असतं.”

“मी लोडशेडिंग लिहिलं.”

“मला वाटलंच तसं,” अप्पा जरा खूश होऊन म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. “पण ह्या तिघींनी फ्रिज किती वेळा उघडावा? मला वाटलं, दोन दिवसांत तुझा फोन येणार. दोन महिने वाट बघितली मी. तू ओळखलंस कसं नाही?”

“गाळणी लावली. जास्तीचे आकडे कमी केले.”

“कमी केलेस?” अप्पा माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे इथनं सगळं जात होतं, आणि तिथं तू...”

“खरंच फोन यावा असं वाटत होतं तुम्हाला?”

अप्पांनी खजुराची बी ताटलीच्या कडेला ठेवली.

“सांगा आता,” बोंद्रेबाई म्हणाल्या. “मी नाही सांगणार. मुलगी तुमची आहे. मला प्रत्येक वेळी म्हणता, दिवाळीनंतर सांगतो.”

“तुम्हालासुद्धा?” मी त्यांना विचारलं.

“दोन दिवाळ्या झाल्या.”

“हेमा, मी खोटं काही सांगितलं नाही,” अप्पा म्हणाले. “तूच म्हणाली होतीस, त्याला मी कळत नाही, वायर कळते. वायर घरातच आहे. मी फक्त... तू तिकडे बसून ठिपके बघतेस, नोंदी थांबल्या तर तुझी झोप उडणार. माझ्या रिकाम्या घरात एकही नोंद झाली नसती. हुसेन म्हणाला, माझ्याकडे लाव, मी तसाही घरीच असतो.”

“मी म्हणालो होतो,” हुसेनभाई म्हणाले.

“तुम्ही पडलात आणि कोणाला कळलं नाही तर, म्हणून मी ते लावलं होतं, अप्पा.” मी फळीवरच्या खोक्याकडे बोट दाखवलं. “त्या वेळी तुम्ही दूधवाला येईपर्यंत पडून होतात. मला फक्त ते पुन्हा व्हायला नको होतं.”

“पडलो मी परत.”

“कधी?”

“मे महिन्यात. बाईंच्या अंगणात, पोरींच्या खो-खोत पंच होतो. खांबाला अडखळलो.”

“आडवेच झाले,” बोंद्रेबाई म्हणाल्या. “मी उचललं, रिक्षात घातलं, एक्स-रे काढला. वाटेत खूप बोलले पण त्यांना. पंचानं खेळाडूंच्या वाटेत उभं राहायचं नसतं.”

“काही झालं नव्हतं,” अप्पा म्हणाले. “पाय मुरगळला. त्या दिवशी तुझ्याकडे काय दिसलं?”

मला आठवायची गरज नव्हती. मे महिन्याचा आलेख माझ्या डोळ्यांसमोर होता, कारण तो सगळ्यांत चांगला आला होता.

“तिन्ही हिरवे,” मी म्हटलं.

शमीमभाभींनी माझ्यापुढे पपईची फोड ठेवली. मी पर्समधून मोबाइल काढला, मेसेज बंद केले आणि तो पालथा ठेवला. रिकामी बॅग माझ्या मागे भिंतीला टेकून होती. अप्पांनी ती आल्याबरोबर पाहिली होती, हे मला ठाऊक होतं. तिच्याकडे बघायचं ते टाळत होते.

बोंद्रेबाई मनगटावरचं घड्याळ फिरवत होत्या. त्यांची नजर अप्पांवर नव्हती. पहिल्यांदाच त्या मला जरा घाबरल्यासारख्या वाटल्या.

मी तीन वर्षं हा प्रश्न फोनवर विचारत होते, आणि प्रत्येक वेळी त्याच दमात दांडे, खोली, डॉक्टर असं काहीतरी पुढे जोडत होते. ह्या वेळी काही जोडलं नाही.

“अप्पा, पुण्याला येणार का?”

अप्पांनी सरबताचा पेला खाली ठेवला. हात पुसले. हुसेनभाईंकडे पाहिलं, पण ते मुद्दाम खजूर निवडत होते. मग माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “मी बाईंकडे राहतो, मलकापूरला. आणि आता तिथंच राहणार.”